चकव्याचा सिनेमा

शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मराठवाड्यातल्या आमच्या बेंबळीच्या शिवारात ज्याची बोअर आहे त्याला हे वेळापत्रक तोंडपाठ असतं. रात्रपाळी असली की बॅटरी, खोरं आणि काठी घेऊन दारं धरायला जायचं. सरी लांब असली तर पाणी शेवटाला पोचायला बराच वेळ लागतो. तोवर बांधावर नुसतं उभं राहायचं. समोर पुरुषभर उंच ऊस, कानात मोटारीची एकसुरी घरघर, आणि उसात आत कुठंतरी पाचट वाजतं. वारा असेल, रानडुक्कर असेल, काहीच नसेल. बॅटरी मारली की पहिल्या दोन-चार ओळी उजळतात. त्यामागचा अंधार आधीपेक्षा दाट होतो.

त्या बांधावर कुणी अंगावर येत नाही, ओरडत नाही. आपण अगदी एकटे आहोत आणि कदाचित एकटे नाही, या दोन शंका एकाच वेळी मनात उभ्या राहतात. संथ भयपटाचा सगळा डोलारा या दोन शंकांवर असतो. म्हणून मराठी मुलखातला भयपट तपासताना मी एकच कसोटी लावतो: तो मला बांधावर उभं करतो का?

आमच्याकडच्या भुतांपैकी खवीस, हडळ, मुंजा यांना रूप आहे. चकव्याला रूप नाही. रोजच्या पायवाटेनं निघालेला माणूस चालत राहतो आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो, एवढंच. ओळखीची जागा अनोळखी होते आणि हाक मारायला जवळ कुणी नसतं. आपल्या पडद्यावर खविसाचे चित्रपट भरपूर झाले. चकव्याचे मात्र बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि माझ्या मते तेच टिकले.

१९७६ साली वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला. आशा काळे यांनी साकारलेल्या इंदूच्या मनातलं भूत त्या चित्रपटानं वाडा, काळोख आणि गाण्यांच्या सुरावटीतून उभं केलं, आणि अखेर त्याची गाठ मनाच्या आजाराशी नेऊन सोडवली. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आजही कानावर पडलं की खोलीतला उजेड कमी झाल्यासारखं वाटतं. चार वर्षांनी विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा ‘गहराई’ हा हिंदी चित्रपट आला. लेखनात विजय तेंडुलकर होते, कुटुंबप्रमुखाच्या भूमिकेत श्रीराम लागू. शहरात स्थिरावलेला माणूस गावाकडची वडिलोपार्जित जमीन कंपनीला विकतो आणि त्याच्या मुलीला पछाडलं जातं. शेती विकलेल्या कुठल्याही घरात हा चित्रपट लावून पाहावा. पद्मिनी कोल्हापुरेचं किंचाळणं विसरायला होईल, पण जमीन राखणाऱ्या जुन्या माणसाचा दुखावलेला चेहरा विसरता येत नाही. मातीशी तोडलेलं नातं हे त्या भयाचं मूळ आहे.

या दोन चित्रपटांनी पाडलेली वाट पुढं रुळली नाही. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘पछाडलेला’ (२००४) या चित्रपटांनी भुताला हसण्याची सवय लावली. ते चित्रपट मनापासून केलेले आहेत आणि लोकांनी त्यांच्यावर प्रेम केलं, पण त्यानंतर ‘मराठी भयपट’ म्हटलं की प्रेक्षक हसायच्या तयारीनं बसू लागला. खरं भय त्या काळात पुस्तकांत राहिलं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचनालयांतून हातोहात फिरत होत्या. मतकरींच्या कथेत भूत कित्येकदा येतही नाही. नेहमीच्या घरातली एखादी साधी वस्तू किंवा सवय जराशी सरकते आणि वाचणारा दार लावलंय का ते बघायला उठतो.

२०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेनं कोकणातल्या आकेरीचा वाडा घराघरांत नेला. मग २०१७ मध्ये विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ आला आणि आमच्या भागातल्या प्रेक्षकाला पहिल्यांदा आपलं रान भयपटात दिसलं. गरोदर नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या मधोमध असलेल्या घरात लपायला येते. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींच्या चेहऱ्यांवर चित्रपट तोललेला आहे. बरंचसं भय भरदिवसा घडतं. लख्ख ऊन, हिरवागार ऊस, त्यातल्या सगळ्या वाटा एकसारख्या. हा चकवाच आहे. कानेतो शिंदो यांच्या ‘ओनिबाबा’ (१९६४) या जपानी चित्रपटातलं उंच गवतही असंच आहे. त्यात दोन बायका वाट चुकलेल्या सैनिकांना मारून खड्ड्यात टाकतात, आणि वाऱ्यानं हलणारं गवत सगळ्यावर पांघरूण घालतं. गवत असो की ऊस, ज्या पिकात माणूस बुडतो त्यात गुन्हाही बुडतो. ‘लपाछपी’त बुडालेला गुन्हा मुलींच्या जिवाचा आहे, आणि मराठवाड्याला तो परका नाही.

याच चित्रपटात आपल्या भयपटाचा मोठा दोषही दिसतो. उत्तरार्धात सारी पूर्वकथा उलगडून सांगितली जाते, संदेश स्पष्ट शब्दांत हाती दिला जातो. संदेश खराच आहे, पण तो सांगून झाल्यावर ऊस पुन्हा पीक होतो. पार्श्वसंगीताचा दणकाही याच अविश्वासातून येतो. प्रेक्षक शांततेत बसेल, यावर दिग्दर्शकाचा भरवसा नसतो. दचका क्षणात ओसरतो. शांततेतलं भय घरी बरोबर येतं.

हा भरवसा राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’मध्ये दाखवला. शीर्षक श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारं, बीज धारपांच्या कथेचं, भाषा हिंदी, आणि चित्रीकरण २०१२ पासून काही वर्षं रेंगाळलेलं. पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्यांची वाट पाहिलेली. त्यातला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहतो. भाऊ जखमी झालाय, आई त्याला घेऊन गेलीय, आणि लहानगा विनायक साखळदंडानं बांधलेल्या म्हातारीबरोबर घरात एकटा उरलाय. तिला भरवायचं, आणि ती जागी झालीच तर एक नाव घेऊन झोपवायचं. बाहेर पाऊस थांबत नाही. इथं म्हातारीपेक्षा भयंकर आहे ते आईचं नसणं. पंकज कुमार यांचा कॅमेरा अंधाराला घाईनं उजळत नाही. २०१८ मध्ये प्रेक्षकांनी थोडं दुर्लक्ष केलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. संथ भयाला प्रेक्षक नाही, ही सबब तेव्हाच संपली.

हृषीकेश गुप्ते यांचा ‘जारण’ (२०२५) ही ताजी पायरी. करणी आणि मन यांच्यामधली सीमा पुसट ठेवून तो अमृता सुभाष यांच्या अभिनयावर विसंबतो. या विषयाशी आमच्या भागाचं जुनं, दुखरं नातं आहे. भानामतीच्या नावाखाली इथल्या बायकांनी काय सोसलं ते जुनी माणसं सांगतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर मांत्रिकाला तारणहार करणारा चित्रपट काढणं मला अक्षम्य वाटतं. संथ भयपटाला ती गरजही नसते. तो शंका जिवंत ठेवतो आणि सोसणाऱ्या बाईच्या एकटेपणाकडे बघायला लावतो.

तरीही आपला भयपट वळून वळून कोकणातच जातो. शेवाळ, माड, कौलारू वाडा, कोसळता पाऊस हे आता ठरलेलं सामान झालंय. आमच्या मुलखात लपायला झाड नाही. मैलभर काळी रानं, उघडं आभाळ, आणि लांबवर दिसणारा एक दिवा. इथलं भय मोकळं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ वाजता किल्लारी-सास्तूर भागात जमीन हलली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. माळवदाच्या जाड दगडी भिंती आणि वरची माती, जी उन्हाळ्यात गारवा द्यायची, तीच झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर कित्येक जण पुष्कळ दिवस छताखाली झोपायला तयार नव्हते. स्वतःच्या घराचं भय वाटणं यापेक्षा मोठा चकवा कुठला? गावं नव्या जागी वसली, जुन्या जागी जोती राहिली. त्या जोत्यांवर कॅमेरा नुसता पाच मिनिटं ठेवणारा दिग्दर्शक आम्हांला अजून मिळालेला नाही.

आजचं एकटेपण वेगळं आहे. किओशी कुरोसावा यांच्या ‘काइरो’ (२००१) या जपानी चित्रपटात इंटरनेटमधून भुतं येतात आणि माणसं भिंतीवर काळा डाग ठेवून नाहीशी होतात. मला तो चित्रपट गावात बसून जास्त कळला. दिवाळी झाली की ऊसतोडीला, कोयत्यावर जाणारी बिऱ्हाडं निघतात, पोरं पुण्याच्या कंपन्यांत असतात, आणि माळवदाच्या घरात एकटी म्हातारी संध्याकाळी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवते. व्हिडिओ कॉल संपतो, पडदा काळा होतो, तरी ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहते. आपल्या पुढच्या भयपटाचं पहिलं दृश्य मला तिथं दिसतं.

चकवा लागला तर काय करायचं, हे आमची आजी सांगायची: धावू नये, आहे तिथंच खाली बसावं, उजाडू द्यावं. परवा रात्री सरी अर्धी भरली असताना लाईट गेली. मोटार थांबली आणि इतका वेळ तिच्याखाली दबलेले आवाज एकेक करून वर आले. रातकिडे, लांबची टिटवी, सरीतलं मुरणारं पाणी, आणि उसातलं ते पाचट. मी बॅटरी विझवली आणि बांधावर बसलो.