साच्याविना घडण

कुंभकोणमहून स्वामीमलै जेमतेम सात-आठ किलोमीटरवर आहे. तिथले स्थपती मेणाच्या मूर्तीवर पहिला लेप देतात तो कावेरीच्या गाळाचा. ही माती इतकी मऊ, की देवाच्या बोटाचं नख नि कमरपट्ट्याची कड साच्यात जशीच्या तशी उतरते. मग मेण वितळवून काढायचं, पोकळीत पंचधातूचा रस ओतायचा आणि साचा फोडायचा. म्हणजे आकार आधी ठरतो, द्रव्य मागाहून येतं. प्रवाळाचा आकार वाचायला बसलं की ही रीत पार उलटी होते. चुन्याचा एकेक पातळ थर चढत जातो आणि तो कुठे जाड बसेल, कुठे विरळ, हे त्या त्या दिवसाचं पाणी ठरवतं.

ज्या गाळावर स्वामीमलैची कारागिरी पोसली, तो समुद्रात उतरला की प्रवाळाचा वैरी होतो. नदीचं गोडं पाणी प्रवाळाला सोसत नाही आणि गाळ बसला की ते गुदमरतं. म्हणून कुंभकोणमच्या माणसाला प्रवाळ पाहायचं तर कावेरीच्या मुखाशी जाऊन भागत नाही, दक्षिणेला मंडपम गाठावं लागतं. १९६९ साली प्रवाळभित्तींवरचा पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला तो याच मंडपमला. जागाही नामी आहे. चिंचोळी जमीन, एका अंगाला पाल्कचा उपसागर, दुसऱ्या अंगाला मन्नारचं आखात. ईशान्य मोसमी वाऱ्यात पाल्ककडचं पाणी गढूळतं, नैऋत्य वाऱ्यात मन्नारकडचं.

मन्नारच्या आखातात आणि आपल्या मालवणच्या खडकांवरही टर्बिनारिया नावाचं प्रवाळ सापडतं. तिची मेसेन्टेरिना ही जात सावकाश वाचण्याजोगी आहे. उथळ, लख्ख पाण्यात तिचे पत्रे उभे राहतात, वळतात, एकमेकांत दुमडतात. खोल, मंद पाण्यात तीच जात आडवी पसरते. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं, आणि शैवालाला उजेड हवा. पण उजेड फाजील झाला तर तोही बाधतो, म्हणून उथळातला पत्रा अंग चोरून उभा. खोलात मिळेल तो किरण झेलायचा, म्हणून पत्रा उताण्या तळहातासारखा पसरलेला. संशोधकांनी अशा वसाहती एका खोलीवरून दुसऱ्या खोलीवर हलवून पाहिल्या, तेव्हा नवी वाढ नव्या जागेच्या वळणाने झाली. जुना भाग मात्र होता तसाच राहिला. मला यातली खरी गोडी इथे वाटते. प्रवाळाला खाडाखोड करता येत नाही. आधी जे लिहिलं गेलं त्याच्या कडेलाच पुढचं लिहावं लागतं.

समुद्रात मात्र उजेड, लाट, गाळ, क्षार सगळं एकदम बदलतं, त्यामुळे कोणती ओळ कोणाची हे कळत नाही. काचेच्या टाकीत ते कळू लागतं. एकाच वसाहतीच्या दोन फांद्या तोडून दोन टाक्यांत लावा. दोन्हींची आनुवंशिकता तंतोतंत एक, पण काही महिन्यांत त्या एकमेकींना ओळख दाखवणार नाहीत. पोसिलोपोरा या प्रवाळाची वसाहत जोराच्या प्रवाहात आखूड, जाड, दाटीच्या फांद्यांची होते. संथ पाण्यात तिच्या फांद्या बारीक होतात आणि अंतर राखून वाढतात. प्रवाळाच्या अंगालगत थांबलेल्या पाण्याचा एक पातळ थर असतो. श्वासाचे वायू, अन्न, टाकाऊ द्रव्यं यांची सगळी देवघेव त्यातून. पाणी संथ असेल तर हा थर जाडावतो, मग आतल्या फांद्यांची उपासमार होते. त्यात टाकीतला पंप एकाच दिशेने धार मारतो, समुद्राची लाट जाते-येते. म्हणून जाणकार दोन पंप आळीपाळीने चालवतात.

अक्रोपोरा या प्रवाळाच्या फांदीचं टोक जवळून पाहावं. तिथे एकच अग्रपॉलिप, म्हणजे वसाहतीतला टोकावरचा इवला जीव, पुढे सरकत असतो, बाकीचे बाजूंना अगदी थोडी जागा अडवून बसलेले. वाढीची घाई इतकी, की टोकाशी शैवाल विरळ असतं आणि ते फिकट दिसतं. हे निरोगी फिकटपण. टाकीतली अल्कता (अल्कलिनिटी) ताणून चढवली आणि पोषण तोकडं राहिलं, तर मात्र टोकावरचं मांस मागे सरतं नि उघडा सांगाडा दिसतो. पाळणारे याला टोक जळलं म्हणतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४०० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. टाकीत वाढणारं प्रवाळ ते सतत उपसत राहतं, म्हणून ते रोज भरून द्यावं लागतं. घराची हवाही यात आली. खिडक्या बंद करून खोलीत माणसं दाटली की कार्बन डायॉक्साइड वाढतो, पाण्याचा सामू उतरतो आणि सांगाड्याची वाढ मंदावते. पाहुण्यांचा मुक्काम लांबला हे कळणारा असा प्राणी विरळाच!

कोकोस-कीलिंग बेटांवर तारकंपनीचा डॉक्टर म्हणून गेलेल्या फ्रेडरिक वुड जोन्सने १९०७ मध्येच बजावलं होतं, की संग्रहालयांतल्या सुक्या सांगाड्यांवरून ठरवलेल्या कित्येक जाती या निव्वळ वाढीच्या तऱ्हा आहेत. जिवंत प्रवाळ पाहणाऱ्याचं ते वाचन होतं. टाकीत वाढलेल्या प्रवाळाला नकली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्याचा आकार खोटा नसतो, त्याच्या पाण्याशी तो इमानदार असतो.

आपल्याकडे २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, त्यामुळे घरच्या टाकीत हा खेळ मांडता येत नाही, आणि ते योग्यच. मग हाताशी उरतं ते अंगठीतलं पोवळं. कुंभकोणमला नवग्रहयात्रेसाठी उतरलेले भाविक वैथीश्वरन कोइलला मंगळाच्या दर्शनाला जातात. पण त्यांच्या बोटातलं तांबडं पोवळं वेगळ्याच कुळातलं. ते शैवाल बाळगत नाही, त्यामुळे भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींतही वाढतं. त्याच्या आकारावर उजेडाची सही शोधू नये. म्हणून आकार वाचायला उरतात ती सार्वजनिक मत्स्यालयं. तिथल्या काचेवर प्रवाळाचं नाव लिहिलेलं असतं. दिवा किती उंचीवर आहे आणि पंप कोणत्या बाजूला, तेही शेजारी लिहावं. पाहणाऱ्याला वाचायला मजकूर मिळेल.