होम्सचे वय कोणी कमी केले?

विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने शेरलॉक होम्सवर नाटक रचताना कॉनन डॉयल यांना तारेने विचारले होते, की तुमच्या नायकाचे लग्न लावले तर चालेल का? डॉयल यांचे उत्तर होम्सप्रेमींना तोंडपाठ असते: लग्न लावा, ठार करा, हवे ते करा. ते नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याआधी, १८९३च्या डिसेंबरात, डॉयल यांनी ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सला धबधब्यात लोटून त्याच्यापुरते हात धुऊन घेतले होते. लेखकच असा कंटाळला, की पात्र वाचकांच्या ओटीत येऊन पडते.

ओटीत पडलेल्या पात्राचे वाचक काय करतात, याला आज ‘फॅनफिक्शन’ म्हणतात. आवडत्या कथेतली माणसे घ्यायची आणि मूळ लेखकाने जे लिहिले नाही ते चाहत्यांनी लिहायचे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने या विषयावर प्रबंधिका लिहिण्याची परवानगी मागितली होती. ‘उष्ट्या पानावर जेवण्यात कसले आले साहित्य?’ असे म्हणून मी विषय नाकारला. तिने निमूटपणे दुसरा विषय घेतला आणि जाताना एक पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेली: लॉरी आर. किंग यांची ‘द बीकीपर्स अप्रेंटिस’ (१९९४). मी ती कादंबरी यंदाच्या पावसाळ्यात वाचली. वाचताना कपाटातल्या ‘मृत्युंजय’कडे नजर जात होती. महाभारतात जिच्या वाट्याला जेमतेम जागा आली त्या कर्णपत्नीला शिवाजी सावंतांनी वृषाली म्हणून बोलते केले, तेव्हा मी उष्ट्या पानाची भाषा केली नव्हती.

किंग यांची कादंबरी १९१५ मध्ये ससेक्सच्या टेकड्यांवर सुरू होते. आईवडील आणि भाऊ अपघातात गमावलेली पंधरा वर्षांची मेरी रसेल पुस्तकात डोके खुपसून चालली आहे. वाटेत मधमाश्या न्याहाळत बसलेल्या निवृत्त होम्सला ती जवळजवळ तुडवते. निवृत्तीतल्या मधमाश्या डॉयल यांच्याच; मुलगी तेवढी नवी. होम्स तिला आपली विद्या शिकवतो, ती ऑक्सफर्डला जाते, आणि दोघांच्या जिवावर उठलेल्या एका अज्ञात शत्रूचा माग काढताना कादंबरी वेग घेते. प्रस्तावनेत किंग सांगतात, की आपण केवळ संपादक. ही हस्तलिखिते एका ट्रंकेतून आपल्याकडे आली.

ही बतावणी होम्सप्रेमींच्या जुन्या खेळातली आहे. होम्स खरोखर होऊन गेला असे धरून चालायचे आणि कथांतल्या तारखांची विसंगती पांडित्याने सोडवायची. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्डला असा एक निबंध वाचला होता. आमच्या या संशोधन विभागातही तो सहज खपला असता! न्यूयॉर्कची ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ ही मंडळी १९३४पासून हेच करत आली, आणि स्त्रियांना तिथे सभासदत्व मिळायला १९९१ उजाडावे लागले. वॉटसनची लग्ने किती, यावर पुरुषांनी काथ्याकूट केला की ते संशोधन. होम्सवर कोणी प्रेम करू शकेल का, असे एखादीने विचारले की तो पोरकटपणा. माझा नकारही याच जातीचा होता, हे कबूल करणे भाग आहे.

मात्र या कादंबरीत एक लबाडी आहे. डॉयल यांच्या ‘हिज लास्ट बो’ या कथेत १९१४च्या ऑगस्टमध्ये होम्स साठीचा आहे. किंग यांच्याकडे पुढच्याच वर्षी तो पन्नाशीच्या मध्यावर! माझ्याकडच्या प्रतीत त्या पानाच्या समासात पेन्सिलने केलेली वजाबाकी आहे. ती त्या विद्यार्थिनीची. बाकी सगळ्या बारकाव्यांशी इमान राखणारी लेखिका नेमका हाच पुरावा बदलते, कारण पुढे होणाऱ्या लग्नाला तो आड येतो. रहस्यकथेत पुराव्याला हात लावणारा तो गुन्हेगार. शिवाय एवढे करूनही दोघांतले अंतर चाळीस वर्षांच्या घरातच राहते.

हे अंतर किंग यांनाही बोचत असावे, असे कथेच्या बांधणीवरून वाटते. पहिल्या कादंबरीत त्या प्रेमाचा शब्दही उच्चारू देत नाहीत. दुसरीत, ‘अ मॉन्स्ट्रस रेजिमेंट ऑफ विमेन’मध्ये (१९९५), मेरी एकवीस वर्षांची होऊन वारशाची मालकीण बनते; ती कोणाची मिंधी उरत नाही. लग्न ठरते ते त्यानंतर. तोवर वाचकाला सुगावे गोळा करावे लागतात. पहिल्या कादंबरीत शत्रूला फसवण्यासाठी दोघे भांडून दुरावल्याचे नाटक करतात. ते नाटक मेरीला किती जड जाते, यावरून तिच्या मनातले कळते. मला हा भाग सगळ्यांत सरस वाटला. रहस्यकथेचा डाव आणि प्रेमकथेचा कबुलीजबाब इथे एकाच प्रसंगात आहेत, आणि दोन्ही खोटेपणाच्या आडून येतात. गुरू-शिष्येच्या नात्यातला विषम अधिकार मात्र एकविसाव्या वाढदिवसाने मिटतो, हे मला पटलेले नाही.

आणि वॉटसन? मूळ कथांत होम्सकडे पाहणारे डोळे त्याचे आणि लेखणीही त्याचीच. किंग यांच्याकडे दोन्ही मेरीकडे जातात. तिची त्याच्याबद्दलची सुरुवातीची अढी लवकरच विरघळते, ती त्याला लाडाने ‘अंकल जॉन’ म्हणू लागते, आणि तो प्रेमळ, थोडा भोळा काका होऊन बाजूला बसतो. चाहतीला प्रिय पात्राच्या शेजारची खुर्ची हवी असते, आणि तिथे आधी कोणीतरी बसलेले असते. ‘मृत्युंजय’ने अर्जुनाला थोडे लहान केले, ते याच कारणाने.

त्या विद्यार्थिनीच्या आराखड्यात वॉटसनवर एक स्वतंत्र प्रकरण होते, एवढे मला आठवते. तिला काय म्हणायचे होते ते आठवत नाही. तो कागद मी ठेवला नव्हता.