वणव्याचे प्रदूषण आणि जलचर : ‘विषारी परिणाम’ या संकल्पनेची चिकित्सा

वणव्यांमुळे होणाऱ्या जलप्रदूषणावरील लेखनात ‘विषारी परिणाम’ या एकाच शब्दप्रयोगाखाली तीन भिन्न प्रक्रिया एकत्र केल्या जातात. राखेतील बहुचक्रीय हायड्रोकार्बन व जड धातू, पावसाबरोबर वाहून येणारा गाळ आणि आग रोखण्यासाठी विमानातून टाकलेली रसायने, अशा त्या तीन होत. अभ्यासकांचे लक्ष मात्र प्रामुख्याने पहिलीवरच खिळलेले असते. राखेचा अर्क काढून त्यात डॅफ्निया सोडणे प्रयोगशाळेत सोयीचे जाते, हे त्याचे एक कारण असावे.

प्रत्यक्ष नदीतील चित्र वेगळे आहे. कॅलिफोर्नियात क्लॅमथ नदीच्या परिसरात २९ जुलै २०२२ रोजी मॅकिनी वणवा पेटला. काही दिवसांतच जळालेल्या उतारांवर मुसळधार पाऊस झाला आणि चिखल-राखेचा लोंढा नदीत उतरला. करूक जमातीच्या देखरेख यंत्रणेला ३ व ४ ऑगस्टच्या रात्री पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन शून्यावर गेल्याचे आढळले. मृत माशांची संख्या हजारोंच्या घरात गेली. येथे मासे गुदमरून मेले. अर्क तयार करताना मात्र गाळ बहुधा गाळून टाकला जातो; म्हणजे मृत्यूचे मुख्य कारणच प्रयोगातून वजा होते!

याचा अर्थ रासायनिक विषबाधा गौण ठरते, असा नव्हे. हायड्रोकार्बनांमुळे माशांच्या भ्रूणांतील हृदयाची वाढ बिघडते, हे तेलगळतीच्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. परंतु शहाण्णव तासांत किती मासे मेले, एवढेच मोजणाऱ्या चाचणीत हा परिणाम उमटत नाही. अर्थात, येथे पद्धतीची मर्यादा दुहेरी आहे.

अग्निरोधकांचा प्रश्न आणखी निराळा. त्यांतील अमोनियम संयुगांपासून निर्माण होणारा अनायनित अमोनिया पाण्याचा सामू व तापमान वाढल्यास अधिक घातक होतो. २००२ मध्ये ओरेगनमधील फॉल नदीत अग्निरोधक पडून वीस हजारांहून अधिक मासे मेल्याची नोंद आहे. २०२३ मध्ये मोंटानातील न्यायालयाने, परवान्याविना जलप्रवाहांत अग्निरोधक टाकणे हा स्वच्छ जल कायद्याचा भंग असल्याचे म्हटले. वापर मात्र थांबवला नाही. विमानातून पडणारे रसायन कायद्याच्या कक्षेत आणता येते. क्लॅमथमध्ये उतरलेल्या लोंढ्याला असा परवाना मागता येईल असा कोणी धनी नव्हता.