चावडीवर कोणी बसायचे?

आठ मार्च जवळ आला की अनेक महाविद्यालयांत विकिपीडियाची कार्यशाळा होते. संगणक प्रयोगशाळा, भिंतीवर पडदा, तीस-पस्तीस मुली, दोन-तीन प्राध्यापिका, एखादी निवृत्त ग्रंथपाल. प्रशिक्षक सांगतो, ‘हा ज्ञानकोश सर्वांसाठी खुला आहे, कोणीही लिहू शकते. चला, आधी खाते उघडू.’ पहिल्या सहा जणींची खाती उघडतात, सातवीचे उघडत नाही. उपद्रवी मंडळींनी खोट्या खात्यांचा पाऊस पाडू नये म्हणून विकिपीडियाने एका इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच खाती उघडता येतील अशी मर्यादा घातली आहे, आणि सबंध प्रयोगशाळेची जोडणी एकच असते. आधी विनंती केली तर ही मर्यादा त्या दिवसापुरती सैल करून मिळते. पण तशी विनंती करायची असते, हे माहीत असलेले कोणी तरी आयोजकांत असावे लागते. नसेल तर सातवी मुलगी स्वतःच्या फोनवर प्रयत्न करते. तिच्या मोबाईल कंपनीच्या जोडणीवर पूर्वी दुसऱ्याच कोणी गोंधळ घातला असेल, तर तिथेही बंदीचा लाल फलक दिसतो. हा फलक तिने न केलेल्या गुन्ह्याचा आहे, हे तिला कोणी सांगत नाही.

यात कोणाचाही दुष्टपणा नाही, आणि माझ्या मते हीच या विषयातली खरी अडचण आहे. दुष्टपणा असता तर बोट तरी दाखवता आले असते.

स्त्रियांच्या सहभागाचे आकडे वाचकांच्या कानावरून गेले असतील. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी 2008 साली केलेल्या पाहणीत योगदान करणाऱ्यांमध्ये स्त्रिया तेरा टक्क्यांहूनही कमी निघाल्या. विकिमीडिया प्रतिष्ठानच्या 2011च्या पाहणीत हे प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास आले. तेव्हाच्या कार्यकारी संचालक स्यू गार्डनर यांनी 2015पर्यंत ते पंचवीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते गाठले गेले नाही. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी 2011 साली इंग्रजी विकिपीडियाचा अभ्यास केला. 2009मध्ये आलेल्या आणि आपले लिंग नोंदवलेल्या नव्या संपादकांत स्त्रिया सुमारे सोळा टक्के होत्या, पण त्यांची संपादने मात्र नऊच टक्के. सुरुवातीच्या काळात स्त्रियांचे बदल उलटवले जाण्याचे प्रमाणही पुरुषांपेक्षा अधिक आढळले. म्हणजे दारापर्यंत येणाऱ्या जितक्या आहेत, तितक्या आत टिकत नाहीत. तरीही आपले बहुतेक उपक्रम दारावरच्या तोरणाचे आहेत.

इथे एक गल्लत दूर करायला हवी, कारण आपल्याकडच्या चर्चेत ती सतत होते. स्त्रियांविषयीचे लेख ही एक गोष्ट आणि लिहिणाऱ्या स्त्रिया ही दुसरी. 2015 साली इंग्रजीत ‘विमेन इन रेड’ हा प्रकल्प सुरू झाला. ज्यांच्यावर लेखच नाही अशा स्त्रियांची नावे विकिपीडियावर लाल दुव्यात दिसतात, ती निळी करायची, असा त्याचा हेतू. इंग्रजी चरित्रलेखांत स्त्रियांचा वाटा तेव्हा पंधरा टक्क्यांच्या आसपास होता, आता तो वीसच्या आसपास पोहोचला आहे. काम मोठेच आहे. पण हे लेख पुरुषही लिहितात, आणि लिहावेतच. त्यामुळे लेखांची संख्या वाढली म्हणजे स्त्री-संपादक वाढल्या, असा अर्थ अहवालात काढला जातो तेव्हा तो अहवाल आपल्याला फसवत असतो.

आता मराठीकडे येऊ. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्याची परिभाषा घडवणाऱ्यांनी इंग्रजी शब्द तसेच उचलले नाहीत, घरचे शब्द शोधले, याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवे. सरावाच्या पानाला त्यांनी ‘धूळपाटी’ म्हटले, सामाईक चर्चेच्या जागेला ‘चावडी’. दोन्ही शब्द सुंदर आहेत आणि नेमके आहेत. जरा जास्तच नेमके आहेत. गावच्या चावडीवर बाया बसत नसत. बाईला तिथे बोलावले जाई ते बहुधा जाब विचारायला. दलित वस्तीतल्या माणसासाठी तर चावडी म्हणजे बाहेर उभे राहून हुकूम ऐकायची जागा. पंतोजींच्या शाळेतल्या धूळपाटीवर अक्षरे गिरवणारी मुले म्हणजे मुलगेच. हे शब्द बदला, असे मी म्हणत नाही. शब्द बदलून माणसे बदलत नाहीत, आणि ‘पाणवठा’ म्हटले म्हणून तिथे लगेच बायका जमणार नाहीत. मात्र चावडीबरोबर चावडीची रीतही आली आहे का, हे पाहिले पाहिजे. रीत ही की जुनी माणसे एकमेकांना ओळखतात, अर्ध्या वाक्यात बोलतात, आणि नव्याने आलेल्याला आधी विचारतात, ‘कोणाचा तू?’

मराठीत आणखी एक पेच आहे आणि तो व्याकरणाचा आहे. इंग्रजीत टोपणनाव घेतलेली स्त्री वर्षानुवर्षे चर्चा करू शकते, वाक्यरचनेतून तिचे स्त्रीपण उघड होत नाही. मराठीत ‘मी हा परिच्छेद दुरुस्त करते’ एवढे लिहिले की झाले. ‘मी लेख लिहिला’ या भूतकाळात ती लपू शकते, कारण क्रियापद लेखाच्या मागे जाते. ‘मी लिहीन’ या भविष्यकाळातही लपू शकते. वर्तमानकाळ मात्र तिला लगेच उघडे पाडतो. म्हणून काही जणी ‘बदल केला आहे’, ‘संदर्भ जोडण्यात येत आहे’ अशा सरकारी कर्मणी प्रयोगाचा आसरा घेतात, तर काही सरळ ‘करतो’ लिहितात. (कोल्हापूरकडच्या बायकांना हा प्रश्न पडणार नाही. त्या बोलताना ‘मी येतो’ म्हणतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही.) गार्डनर यांनी 2011 साली स्त्रियांच्याच प्रतिक्रियांतून, त्या विकिपीडियावर का लिहीत नाहीत याची नऊ कारणे एकत्र केली होती. लिंगभेद दाखवणाऱ्या भाषांत ज्ञानकोशाने आपल्याला पुल्लिंगी संबोधावे हे खटकते, हे त्यातले एक कारण. जर्मन आणि स्पॅनिश विकिपीडियांवर, ज्या सदस्येने आपण स्त्री असल्याची नोंद केली आहे तिच्या पानाच्या नावात स्त्रीलिंगी रूप दिसते. आपल्याकडे नव्या खात्यावर उमटणारा स्वागताचा मजकूर कोणी हातात पेन घेऊन या दृष्टीने तपासावा. तासाभराचे काम आहे.

इंग्रजी विकिपीडियाने 2012 साली चावडीला एक पर्याय काढला, ‘टीहाउस’. आपण चहाघर म्हणू. नव्या संपादकांनी प्रश्न विचारायचे, आणि यजमान म्हणून नावानिशी पुढे आलेल्या अनुभवी सदस्यांनी उत्तरे द्यायची. नियमांची जंत्री अंगावर फेकायची नाही, आधी नमस्कार, मग उत्तर. सुरुवातीच्या पाहण्यांत इथे येणाऱ्यांमधले स्त्रियांचे प्रमाण एकंदर संपादकांतल्या प्रमाणापेक्षा ठळकपणे जास्त आढळले. पुढे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चहाघराचे निमंत्रण मिळालेले नवे संपादक न मिळालेल्यांपेक्षा अधिक टिकतात, असे दिसले. फरक मोठा नव्हता, पण होता. नुसत्या निमंत्रणाने हे घडले, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

तरी चहाघरावर माझे दोन आक्षेप आहेत. एक, चहा पिऊन माणूस पुन्हा त्याच रस्त्यावर उतरतो. इंग्रजी विकिपीडियावरचे सक्रिय संपादक 2007नंतर घटू लागले. त्याची मीमांसा करताना 2013च्या एका अभ्यासाने दाखवून दिले की उपद्रव रोखण्यासाठी बनवलेली अर्धस्वयंचलित साधने चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांनाही परतवून लावतात. रस्ता तसाच ठेवून कडेला चहाची टपरी टाकली, असे याचे स्वरूप आहे. दुसरा आक्षेप घरगुती आहे. चहा करायचा कोणी? समजूत घालणे, धीर देणे, तेच उत्तर चाळिसाव्यांदा गोड शब्दांत लिहिणे, हे काम संपादनांच्या गणतीत येत नाही आणि त्याचा मोठेपणाही मिळत नाही. नव्या स्त्रियांचे स्वागत स्त्रियांनीच करावे, ही अपेक्षा वरवर समंजस दिसते. पण मुळात मूठभर असलेल्या स्त्रिया त्यातच अडकतात आणि त्यांचे स्वतःचे लेख राहून जातात. आपल्या 2019च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात, घरातली विनावेतन कामे करणाऱ्यांपैकी स्त्रियांचा रोजचा वेळ सरासरी 299 मिनिटे आणि पुरुषांचा 97 मिनिटे निघाला. हौसेने करायच्या कामाला मुळात फुरसत लागते. उलटवलेल्या बदलावर चर्चापानावर तीन दिवस वाद घालायला तर फारच लागते.

सर्वांत अवघड भाग संदर्भांचा आहे. कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा मे 2018मध्ये इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला; कारण, पुरेसे संदर्भ नाहीत. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झाले, तेव्हा कुठे लेख उभा राहिला. मसुदा नाकारणाऱ्याने नियम मोडला नव्हता, पाळला होता. ज्या व्यक्तीविषयी इतरांनी, तिच्यापासून स्वतंत्र राहून, पुरेसे लिहिले आहे तीच उल्लेखनीय, असा हा नियम आहे. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेच नाही, त्यांना तो बाहेर ठेवतो.

मराठीत या नियमाची धार वेगळीच लागते. रमाबाई रानड्यांपासून बेबी कांबळ्यांपर्यंत आपल्याकडे स्त्रियांच्या आत्मकथनांची थोर परंपरा आहे. पण आत्मकथन हा विकिपीडियाच्या हिशेबात प्राथमिक स्रोत, त्यावरून उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. जिने स्वतःविषयी लिहिले, कारण दुसरे कोणी लिहिणार नव्हते, तिचे लिहिणे पुरावा म्हणून अपुरे! आंबेडकरी चळवळीतल्या कार्यकर्त्या घ्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी या स्त्रियांना गाठून, त्यांना बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 साली सिद्ध केले. त्याआधी यांतल्या कित्येकींविषयी ज्याला दुय्यम स्रोत म्हणता येईल असे काही छापलेले नव्हते. आजही त्यांच्यातल्या एखादीवर लेख लिहू पाहणाऱ्या मुलीला हे एक पुस्तक सापडेल, आणि तपासणारा म्हणेल, आणखी संदर्भ द्या.

ते असतात. जुन्या दिवाळी अंकांत, संस्थांच्या स्मरणिकांत, जिल्हा वृत्तपत्रांतल्या मृत्युलेखांत, गौरवग्रंथांत. यांतले बहुतेक आंतरजालावर नाही. छापील स्रोत दुव्याशिवायही चालतो, असे विकिपीडियाचे धोरण स्पष्ट सांगते, पण घाईने तपासणाऱ्याला दुवा नसलेला संदर्भ म्हणजे संदर्भच नाही असे वाटते, आणि नवखीला धोरण ठाऊक नसते. कार्यशाळेच्या कोपऱ्यात बसलेल्या त्या निवृत्त ग्रंथपाल बाईंची किंमत इथे कळते. कुठल्या अंकात कोणाची मुलाखत आली होती हे त्यांना तोंडपाठ आहे. आपण मात्र त्यांना दिवसभर टंकलेखन शिकवतो आणि ‘ज्येष्ठांचाही उत्स्फूर्त सहभाग’ म्हणून त्यांचे छायाचित्र काढतो.

आपल्या विश्वकोशाची पद्धत निराळी होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला जे काम उभे राहिले, त्यात नोंद विशिष्ट अभ्यासकाकडे सोपवली जाई आणि संपादक तिच्यावर हात फिरवीत. त्या पद्धतीत कोणाला बोलवायचे हे मूठभर लोक ठरवीत, हा तिचा दोष. पण बोलावलेल्या माणसाला आपण बोलावलेले आहोत हे ठाऊक असे. विकिपीडियाने पहिला दोष घालवला आणि त्याबरोबर बोलावणेही गेले. ‘कोणीही या’ हे वाक्य, नेहमीच कुठे तरी शिरण्याची सवय असलेल्या माणसाला निमंत्रण वाटते. जिला प्रत्येक ठिकाणी ‘मी येऊ का?’ विचारून जायची सवय लागली आहे, तिला ते कोणासाठीच नसलेले वाक्य वाटते.

विकिमीडियाने गेल्या काही वर्षांत नव्या सदस्याला स्वतःचे मुखपृष्ठ, सोप्या कामांची यादी आणि नावानिशी एक मार्गदर्शक देणारी सोय तयार केली आहे. ती चांगली आहे. पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रचालक असलेल्या मराठी विकिपीडियावर मार्गदर्शक कुठून आणायचे, हे यंत्रणा सांगत नाही. स्पर्धांमधून मिळतील असे मला वाटत नाही. आशियाई महिन्यासारख्या उपक्रमात किमान तीनशे शब्दांचे चार लेख लिहिले की पोस्टकार्ड मिळते. मौज आहे, पण शब्द मोजणाऱ्या स्पर्धेत यंत्रानुवाद लवकर जिंकतो, आणि दुसऱ्याचा लेख दुरुस्त करून देणारीला पोस्टकार्ड मिळत नाही.

म्हणून महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी एकच दिवस साजरा करण्याऐवजी तीन बैठका ठराव्यात. पहिलीत कोणीही नवा लेख लिहू नये. आपल्या गावाच्या, शाळेच्या किंवा आवडत्या लेखिकेच्या पानावर एक चूक दुरुस्त करावी आणि एक छापील संदर्भ जोडावा, पृष्ठक्रमांकासह. दुसरी बैठक पंधरा दिवसांनी, तीही ग्रंथालयात. पहिल्या बैठकीतले कोणाचे काय उलटवले गेले, ते पडद्यावर लावून एकत्र वाचायचे आणि चर्चापानावर उत्तर लिहायचे, दोघी-दोघींनी मिळून, ‘करते’ म्हणत. तिसरीपर्यंत नवा लेख धूळपाटीवरच राहू द्यावा. अहवालात लेखांचा रकाना नसला तरी चालेल. तिसऱ्या बैठकीला किती जणी आल्या आणि ज्या आल्या नाहीत त्यांनी काय कारण दिले, एवढे दोन रकाने पुरेत. आणि सहा खात्यांची मर्यादा सैल करण्याची विनंती फेब्रुवारीतच पाठवून ठेवावी.