तागडी आणि राजदंड

सरकारची सत्ता अधिक भयावह कीं बड्या कंपन्यांची, हा वाद अलीकडे वारंवार ऐकूं येतो. आणि तो बहुधा आखाड्यांतील दोन मल्लांपैकीं भारी कोण, अशा थाटानें चालतो. विल्यम डॅलरिंपल यांचा ‘दि अनार्की’ (२०१९) हा ईस्ट इंडिया कंपनीवरील ग्रंथ आम्ही हातीं घेतला, तो या वादास त्यांत कांहीं भरीव आधार मिळेल या अपेक्षेनें.

अपेक्षा निम्मी पुरी झाली. ३१ डिसेंबर १६०० रोजीं सनद मिळालेल्या या व्यापारी मंडळीच्या लंडनच्या कचेरींत शंभर वर्षांनंतरही कायमचे नोकर अवघे ३५ होते. १८०३ च्या सुमारास तिच्या पदरीं दोन लक्षांची फौज होती. हिंदुस्थान जिंकला तो इंग्रज सरकारनें नव्हे, तर भागीदारांस नफा वांटणाऱ्या एका पेढीनें, हें आपणांस शाळेपासून ठाऊक असतें. पण त्याचा अर्थ मनांत ठसत नाहीं. तो ठसविण्याचें काम या ग्रंथानें उत्तम केलें आहे. फारशी इतिहासग्रंथांचा उपयोगही ग्रंथकारांनीं मोकळ्या हातानें केला आहे. लढायांच्या वर्णनाचा त्यांचा सोस मात्र वाचकाच्या सोशिकतेची परीक्षा पाहतो.

आमचा आक्षेप निराळा आहे. मुख्य कथानक १८०३ सालीं, दिल्ली कंपनीच्या हातीं जाते तेथें, संपतें. पुढील इतिहास समारोपांत उरकला जातो, आणि बेलगाम व्यापारी सत्तेविषयीं इशारा देऊन ग्रंथ मिटतो. त्यामुळें वाचकाची समजूत अशी होते कीं, कंपनी हा उन्मत्त हत्ती आणि सरकार हा उशिरां जागा झालेला माहूत. वस्तुस्थिति इतकी सोपी नाहीं. १७७० च्या दुष्काळांत बंगाल उपाशी मरत असतां कंपनीची साऱ्याची वसुली थांबली नाहीं. पण १७७२ सालीं तीच कंपनी दिवाळ्याच्या काठावर आली, तेव्हां पार्लमेंटनें तिला १४ लक्ष पौंडांचें कर्ज देऊन तगविलें आणि १७७३ च्या कायद्यानें वेसण घातली. चारा घालणारा आणि वेसण घालणारा हात एकच होता.

अॅडम स्मिथनें १७७६ सालीं या रोगाचें निदान केलें होतें. राजा म्हणून कंपनीचें हित प्रजेचा माल महाग विकला जावा यांत; व्यापारी म्हणून तोच माल स्वस्त मिळावा यांत; आणि अशा पेचांत जय व्यापाऱ्याचाच होतो. बर्कनें १७८३ सालीं कॉमन्स सभेंत वेगळें सूत्र धरलें. ‘मॅग्ना कार्टा’ ही सनद सत्तेला आळा घालते, कंपनीची सनद सत्ता उत्पन्न करते. तेव्हां ज्यानें ती दिली त्यानें तिचा जाब मागितलाच पाहिजे. आम्हांस बर्कचें सूत्र अधिक पल्ल्याचें वाटतें, कारण स्मिथनें दाखविलेलें कारण नाहींसें झाल्यावरही रोग राहिलाच.

१८३३ च्या कायद्यानें कंपनीचा व्यापार बंद झाला. तागडी गेली, राजदंड तेवढा उरला. आणि भागीदारांचा नफा? तो दरसाल साडेदहा टक्के या दरानें हिंदुस्थानच्या महसुलांतून द्यावा, असें त्याच कायद्यानें ठरविलें. १८५८ सालीं राज्य राणीकडे गेलें तरी हा नफा चालूच राहिला. कंपनी विसर्जित झाली ती १८७४ सालीं. म्हणजे व्यापार नाहीं, राज्य नाहीं, तरी वांटणी आहे. आणि तिचा भार पुणें-सोलापूरच्या कुणब्याच्या शेतसाऱ्यावरही होता. हा नफा कंपनीनें तलवारीनें बळकावलेला नव्हता; सरकारनें तो कायद्याच्या कलमांत शांतपणें लिहून दिलेला होता.

पुढें दोनच वर्षांनीं, १८७६ सालीं, दख्खनेंत व मद्रासेकडे दुष्काळ पडला. तेव्हां कंपनी नव्हती. तरीही सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ सालीं मद्रास इलाख्यांत दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसास एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे इतकी खालीं आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें दख्खनच्या दुष्काळाची माहिती गोळा करून सरकारकडे अर्ज केले. परंतु ज्या पार्लमेंटनें या सरकारला जाब विचारावयाचा, तें या कुणब्याच्या मतावर निवडून आलेलें नव्हतें. त्याच्यापुरता पेढीचा अंमल आणि राणीचा अंमल यांत मोठें कोण, हा प्रश्न पोरकट होता.

डॅलरिंपल यांच्यासारख्या सिद्धहस्त लेखकानें १८३४ पासूनच्या त्या चाळीस वर्षांच्या नफ्याची कथा कधीं लिहिली, तर ती आम्ही अगत्यानें वाचूं. मग तींत लढाई एकही नसली तरी चालेल.