आत राहणारीची कादंबरी

ललितांबिका अंतर्जनम या मल्याळी लेखिकेच्या नावातला दुसरा शब्द म्हणजे आडनाव नव्हे. ‘अंतर्जनम’ म्हणजे आत राहणारी. केरळातल्या नंबुद्री ब्राह्मणांच्या बायकांना असंच म्हणत. घराबाहेर पडायचं तर अंगभर वस्त्र, तोंडापुढे ताडाच्या पानांची छत्री आणि सोबतीला दासी. घरातल्या थोरल्या मुलानंच तेवढं जातीत लग्न करायचं. धाकट्यांनी नायर घरातल्या बायकांशी संबंध ठेवायचे, पण ती मुलं आईच्याच घरची. मग नंबुद्री मुलींचं काय? कितीतरी जणी बिनलग्नाच्या राहायच्या, नाहीतर म्हाताऱ्याच्या घरी सवतीवर जायच्या.

ललितांबिका याच जगात १९०९ साली जन्मल्या. शिकल्या त्या घरीच. पुढे लग्न झालं. संसार, मुलंबाळं सांभाळत त्या कथा लिहीत राहिल्या. ‘अग्निसाक्षी’ ही त्यांची एकमेव कादंबरी आली तेव्हा, १९७६ साली, त्यांची साठीही उलटून गेली होती. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

गोष्ट तेतीची. तिचा नवरा उण्णी नंबुद्री. हा माणूस वाईट नाही. मारत नाही, दारू पीत नाही, खोटं बोलत नाही. पूजा, व्रतं, वडिलांची आज्ञा यातच तो बुडालेला. बायकोसाठी त्याच्याजवळ वेळ नाही आणि घरच्यांपुढे तोंड उघडायचं धैर्यही नाही. शेवटी तेती घर सोडते. आधी समाजसुधारणेच्या चळवळीत, मग गांधीजींच्या मार्गानं जाते आणि शेवटी संन्यास घेऊन सुमित्रानंद होते. कितीतरी वर्षांनी गंगेकाठी तिला भेटते ती तंकम, उण्णीच्या काकांची नायर बाईपासून झालेली मुलगी.

बऱ्याच जणी ही कादंबरी त्यागाची थोरवी सांगणारी म्हणून वाचतात. मला ते पटत नाही. आपल्या समाजात दीक्षेचं मोल आपण सगळ्याच जाणतो. चातुर्मासात आर्यिका माताजी गावात आल्या की त्यांच्यापुढे हात आपोआप जोडले जातात. पण वैराग्य म्हणजे काय, हेही आपण तिथंच ऐकत आलो. जे हातात आहे ते समजून-उमजून सोडणं म्हणजे वैराग्य. तेतीच्या हातात होतं तरी काय? नवरा असून नव्हता, घर असून परकं होतं. पहिल्यांदा तिनं सोडला तो संसार नव्हेच, नुसत्या भिंती सोडल्या. म्हणून भगव्या वस्त्रांतही तिच्या मनातली धग विझलेली दिसत नाही. लेखिका ती धग लपवत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. अग्नीला साक्षी ठेवून दिलेला शब्द पाळला कुणी आणि मोडला कुणी, हे ती वाचणारीवर सोडते.

एक तक्रार मात्र आहे. तंकमचं दुःख लेखिकेनं थोडक्यात आटोपलं. सोवळ्यातल्या बापाला लेकीनं शिवायचं नाही, त्याच्या पंगतीला बसायचं नाही, ही जखम तेतीच्या जखमेपेक्षा लहान आहे का? तेतीची कहाणी ऐकायला तंकम आहे. तंकमची कोण ऐकणार?

तरी ललितांबिकांचा मोठेपणा कमी होत नाही. तात्री नावाच्या नंबुद्री बाईवर १९०५ साली व्यभिचाराचा खटला चालला. अशा खटल्यात आरोपी बाईला ‘साधनम्’, म्हणजे वस्तू, म्हणायची रीत होती. तिनं साठाहून अधिक पुरुषांची नावं घेतली. त्या तात्रीला ललितांबिकांनी ‘प्रतिकारदेवता’ या कथेत बोलतं केलं. जिचं नावही घरात घ्यायचं नाही, तिच्याबद्दल त्याच जातीतल्या घरंदाज बाईनं लिहायचं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तेती घर सोडून गेली, ललितांबिका घरातच राहिल्या. आपल्यातल्या बहुतेकजणी घरात राहिलेल्याच. म्हणून ‘अग्निसाक्षी’ अनुवादातून का होईना, जरूर वाचा. आणि पुढच्या वेळी एखादी मुलगी सगळं सोडून निघाली की, पाया पडण्याआधी तिला एवढं विचारा, ‘बाई गं, मनानं निघालीस ना? की इथं तुला जागाच उरली नाही?’