चौकट बारीक झाली, गाव कुठे गेलं?

पश्चिम घाटाबद्दलचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल (२०११) निष्कर्षांपेक्षा पद्धतीसाठी वाचा. नकाशातली एक चौकट साधारण ९ किमी × ९ किमी. तिच्यात कितीतरी गावं मावतात! इतक्या ढोबळ डेटावर गावाची हद्द आखता येत नाही, हे समितीलाही ठाऊक होतं. म्हणूनच अंतिम सीमा ग्रामसभांना विचारून ठरवा, असं तिने सुचवलं.

कस्तुरीरंगन समितीने (२०१३) २४ मीटरपर्यंतची उपग्रहचित्रं वापरली. चित्र स्पष्ट झालं, पण ग्रामसभा मागे पडली. पिक्सेलमध्ये झाडोरा दिसतो, तो कुणी राखला ते नाही.

तरी गाडगीळ अहवालाबद्दलही माझी तक्रार आहेच. जिला विचारायचं त्या ग्रामसभेपुढे अहवाल इंग्रजीत! तुमची प्रश्नावली कुठल्या भाषेत आहे?